रेनेसाँची सुरुवात नक्की कुठून झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इतिहास शिकवते, आणि रेनेसाँचा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. दहावी-बारावीची मुलं विचारतात, एमपीएससीची तयारी करणारे विचारतात, मधेच कोणी रिटायर झालेले काका इटलीच्या टूरला निघालेले असतात ते विचारतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकदा इथे लिहून ठेवलंय. काही उत्तरं मोठी झालीयेत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळीत आटोपलीयेत.

रेनेसाँ, प्रबोधन, पुनरुज्जीवन, हे सगळं एकच ना?

हो, पण शब्दांनी जरा घोळ होतो. रेनेसाँ हा फ्रेंच शब्द, अर्थ पुन्हा जन्म. १५५० मध्ये वसारी नावाच्या चित्रकारानी कलाकारांची चरित्रं लिहिली, त्यात त्यानी कलेच्या बाबतीत रिनाशिता म्हणजे पुनर्जन्म असा शब्द वापरला. पण एका अख्ख्या काळाला हे नाव चिकटलं ते खूप उशिरा, १८५५ ला फ्रान्सच्या मिशलेनी आणि १८६० ला स्वित्झर्लंडच्या बुर्कहार्टनी ते रूढ केलं. आपल्या पुस्तकांत प्रबोधन छापतात, पण तोच शब्द आपण जांभेकर, लोकहितवादी, फुले यांच्या काळालाही वापरतो, मग मुलांच्या डोक्यात फ्लोरेन्स आणि पुणे एकत्र होतं. म्हणून मी सरळ रेनेसाँच म्हणते.

१४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, ग्रीक विद्वान पुस्तकं घेऊन इटलीत पळाले आणि रेनेसाँ सुरू झालं. बरोबर ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर मी सगळ्यात जास्त कळकळीनी देते, कारण मी स्वतः शाळेत हेच लिहून पूर्ण मार्क घेतलेत आणि नंतर कितीतरी वर्षं तेच खरं मानून चालले होते.

तारखाच बघा. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, तुर्कांच्या हाती पडलं २९ मे १४५३ ला. तोपर्यंत पेट्रार्क या इटालियन कवीला जाऊन ७९ वर्षं होत आली होती. फ्लोरेन्समध्ये ग्रीकचे वर्ग १३९७ ला सुरू झाले होते. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा कॅथेड्रलवरचा घुमट १४३६ ला बांधून झाला होता आणि तो स्वतः १४४६ ला गेलाही होता. मसाच्चो, ज्याच्या चित्रांनी पुढच्या सगळ्या चित्रकारांना वळण लावलं, तो १४२८ ला जेमतेम सत्ताविशीच्या आत वारला. म्हणजे १४५३ ला जे सुरू झालं म्हणतात ते तोवर दोन-तीन पिढ्या चालू होतं.

मग १४५३ ला काही अर्थच नाही का, तर आहे. बेस्सारिओन नावाचा मूळचा ग्रीक, नंतर रोमन चर्चचा कार्डिनल झालेला माणूस, त्याला ही बातमी कळल्यावर एकच धसका बसला की आता ग्रीक ग्रंथ कायमचे जाणार, आणि त्यानी मिळेल तिथून प्रती गोळा करायचा, नाही तर उतरवून घ्यायचा सपाटा लावला, शेवटी १४६८ ला साधारण साडेसातशे ग्रंथ व्हेनिसला देऊन टाकले. पण लक्षात घ्या, तो इटलीत आधीच होता, १४३८-३९ च्या फेरारा-फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेला आलेला. पळून आलेल्यांनी नव्यानी आग लावली नाही, पेटलेल्या चुलीत लाकूड घातलं, आणि ते लाकूडही फार मोलाचं होतं.

मग सुरुवात कुठून धरायची?

एक तारीख मागू नका, कारण अशी तारीख नाही. पण मला कोणी सुरुवात दाखव म्हटलं तर मी व्हेरोना दाखवते, साल १३४५, तिथल्या कॅथेड्रलचा ग्रंथसंग्रह.

पेट्रार्क तिथे होता. तेव्हा त्याचं वय ४०, चार वर्षांपूर्वी रोममध्ये त्याला कवी म्हणून जाहीर मुकुट घातलेला, लॅटिनचा वेडा माणूस, आणि सिसेरो हा प्राचीन रोमन वक्ता-लेखक म्हणजे त्याचं दैवत. तिथे त्याला एक जुनं बाड मिळालं, त्यात सिसेरोची खाजगी पत्रं, आपल्या अॅटिकस या मित्राला लिहिलेली, जी कित्येक शतकं जवळपास कोणी वाचलेलीच नव्हती. पेट्रार्कची तब्येत बरी नव्हती पण लेखनिकावर भरवसा नाही म्हणून त्यानी ते सगळं स्वतःच्या हातानी उतरवून काढलं. आणि उतरवता उतरवता त्याला धक्का बसत गेला, कारण ज्याला तो धीरगंभीर तत्त्वज्ञ समजत होता तो या पत्रांत घाबरतोय, कुरकुरतोय, राजकारणात आज या बाजूला आणि उद्या त्या बाजूला. तर पेट्रार्कनी काय केलं, त्यानी सिसेरोलाच पत्र लिहिलं! जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, खाली व्हेरोना आणि १६ जून १३४५ अशी तारीख घालून, की अहो म्हातारपणी तुम्ही हे कशाला करत बसलात.

माझ्या मते रेनेसाँ या पत्रात आहे. आधीही लोक सिसेरो वाचत होते, पण एक अधिकारी नाव, उतारा द्यायचा आणि पुढे जायचं. पेट्रार्कला पहिल्यांदा कळलं की हा माणूस होता, वेगळ्या काळातला, आणि तो काळ आता संपलाय, त्याच्याशी बोलायचं तर त्याची भाषा, त्याचे शब्द, त्याची पुस्तकं शोधून काढावी लागतील. मधे अंतर पडलंय हे जाणवलं म्हणून ते ओलांडायची तहान लागली.

त्या हातानी उतरवलेल्या पत्रांच्या प्रतीची एक गोष्ट त्यानीच लिहून ठेवलीये. ग्रंथ एवढा जड की तो दाराच्या चौकटीला टेकवून जमिनीवर ठेवलेला असायचा, येताजाता हाताशी. एकदा झगा अडकला आणि ते धूड त्याच्या डाव्या पायावर, घोट्याच्या जरा वर आदळलं. तो म्हणाला काय हे माझ्या सिसेरो, मारतोस का मला? मग पुन्हा तेच, परत परत तिथेच लागलं, जखम चिघळली, डॉक्टर आले, तेव्हा कुठे त्यानी ते पुस्तक उंचावर ठेवलं.

पण त्याआधी सगळं अंधारयुगच होतं ना?

हा अंधार शब्दच मुळात पेट्रार्कचा. रोम पडल्यानंतरचा काळ त्याला काळोखाचा वाटायचा, आणि आपण तो शब्द उचलून हजार वर्षांवर थापून मोकळे झालो.

खरं म्हणजे पेट्रार्कला जे सापडलं ते कोणीतरी मधल्या काळात जपलं होतं म्हणूनच सापडलं. शार्लमेन या सम्राटाच्या काळात आणि त्यानंतर, म्हणजे आठव्या-नवव्या शतकात, मठांमधून जुन्या लॅटिन ग्रंथांच्या भराभर प्रती काढल्या गेल्या, आणि आज आपल्याकडे जे लॅटिन साहित्य आहे त्यातल्या बऱ्याच ग्रंथांच्या सगळ्यात जुन्या प्रती त्या काळातल्या आहेत. तिकडे बगदादमध्ये ग्रीक विज्ञान अरबीत गेलं. मग बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या अल्माजेस्ट या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथाच्या शोधात स्पेनमधल्या टोलेडोला गेला, त्या एका ग्रंथापायी अरबी शिकला, ११७५ ला त्याचं लॅटिन भाषांतर पूर्ण केलं आणि पुढे आयुष्यभर भाषांतरंच करत राहिला. हे सगळं अंधारात चाललं होतं असं म्हणवत नाही मला.

एक गोष्ट मला फार आवडते. पोज्जो (जुने ग्रंथ शोधणारा, त्याच्यावर खाली वेगळा प्रश्न आहे) आणि त्याच्या मित्रांना त्यांच्या काळातली गॉथिक लिपी आवडायची नाही, दाट, टोकदार, एकमेकांत घुसलेली अक्षरं. जुन्या पोथ्यांत त्यांना गोल, मोकळं, सुंदर अक्षर दिसलं, त्यांना वाटलं हेच प्राचीन अक्षर, आणि ते ते गिरवायला लागले. प्रत्यक्षात ते अक्षर शार्लमेनच्या काळातल्या मठांचं होतं, म्हणजे ज्या काळाला ते काळोख म्हणत होते त्याच काळाचं! पुढे छापखान्यांनी हेच वळण उचललं आणि आज मोबाईलवर इंग्रजी वाचताना जी छोटी रोमन अक्षरं दिसतात ती याच घराण्यातली.

इटलीच का? आणि इटलीत फ्लोरेन्सच का?

रोमन अवशेष होते म्हणून, व्यापार होता म्हणून, श्रीमंती होती म्हणून, हे तुम्हाला पाठ आहे आणि ते चुकीचंही नाही. पण नुसत्या पैशानी ग्रीक शिकायची इच्छा होत नाही, म्हणून थोडं आत शिरून बघू.

उत्तर इटलीत मोठा राजा नव्हता, गावंच राज्यं होती, आणि गावाचा कारभार कागदावर चालायचा. करार, खरेदीखत, मृत्युपत्र, दुसऱ्या गावाला पाठवायची पत्रं, सगळं लॅटिनमध्ये. त्यामुळे लॅटिन येणारे नोटरी आणि कारकून यांची एक मोठी फळीच तयार झाली, आणि पहिले ह्युमॅनिस्ट, म्हणजे प्राचीन वाङ्मयाचे हे अभ्यासक, बरेचसे याच फळीतले, पेट्रार्कचे वडीलसुद्धा नोटरी. आपल्याकडे दप्तर सांभाळणाऱ्या घरातून लिहिणारे-वाचणारे निघाले तसंच काहीसं. सालुताती हा १३७५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १४०६ पर्यंत फ्लोरेन्सचा चान्सलर, सरकारी पत्रं लिहायचं काम. मिलानचा विस्कोंती फ्लोरेन्सवर चालून येत होता तेव्हा तो म्हणायचा म्हणे की सालुतातीच्या पत्रांनी माझं हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त नुकसान होतं. चांगलं लॅटिन हे गावाला हत्यार म्हणून हवं होतं.

आणि साक्षरता. व्हिल्लानी हा फ्लोरेन्सचाच व्यापारी आणि बखरकार, तो १३३० च्या दशकाबद्दल लिहितो की आठ ते दहा हजार मुलंमुली वाचायला शिकतायत, हजार-बाराशे मुलं हिशोबाच्या सहा शाळांमध्ये आहेत. आकडे थोडे फुगवलेले धरले तरी एका गावासाठी हे प्रचंड आहे. व्यापाऱ्याच्या पोराला वही लिहिता आलीच पाहिजे, आणि वाचायला शिकलेलं पोर फक्त वहीच वाचतं असं थोडंच आहे.

पैसा तर होताच. १२५२ पासून सोन्याचा फ्लोरिन, साधारण साडेतीन ग्रॅमचा, आणि तो युरोपभर चालायचा. लोकर, कापड, रेशीम, सावकारी. धंद्यांचे संघ होते आणि गावातली मोठमोठी बांधकामं या संघांच्या अखत्यारीत. त्यांच्यात आपसात चुरस, त्यांनी पुतळा उभा केला तर आम्ही त्याहून मोठा करणार. आपल्याकडच्या गणपती मंडळांची चुरस ज्यानी पाहिलीये त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

प्लेगमुळे रेनेसाँ झालं असं एका व्हिडिओत ऐकलं, खरं का?

ऑक्टोबर १३४७ ला प्लेग सिसिलीत उतरला, १३४८ ला फ्लोरेन्समध्ये निम्म्याच्या वर माणसं गेली. बोकाच्चोचं डेकॅमेरॉन हे गोष्टींचं पुस्तक त्याच प्लेगच्या वर्णनानी सुरू होतं. पेट्रार्कनी जिच्यावर कविता केल्या ती लॉरा त्याच वर्षी गेली.

व्हिडिओतला मुद्दा असा असतो की माणसं कमी झाली, वारसाहक्कानी पैसा थोड्या हातात आला, मजुरी वाढली, मरणाच्या भीतीनी लोकांनी चर्चला देणग्या दिल्या, त्यातून कला फुलली. यात तथ्य आहे, पण प्लेग तर कैरोलाही आला, लंडनलाही आला, तिथे १४०० ला हे घडलं नाही. आणि पेट्रार्क व्हेरोनाला गेला तो प्लेगच्या आधी. जॉत्तोनी पादुआच्या चॅपलमध्ये खरी वाटतील अशी रडणारी माणसं रंगवली ती साधारण १३०५ ला. प्लेगनी जे चालू होतं त्याला वेगळं वळण दिलं असं फार तर म्हणा. इतकी माणसं मेली त्याला एखाद्या चांगल्या गोष्टीचं कारण म्हणून टिकमार्क करणं मला जड जातं, हेही सांगते.

ग्रीक नक्की कोणी शिकवलं?

पेट्रार्ककडे होमरची ग्रीक प्रत होती. कॉन्स्टँटिनोपलहून एकानी भेट पाठवलेली. त्याला ती वाचता यायची नाही. तो ती जवळ घ्यायचा आणि म्हणायचा, किती आतुरतेनी तुला ऐकलं असतं. बोकाच्चोनी पुढे १३६० च्या सुमारास लिओन्झिओ पिलातोला फ्लोरेन्समध्ये आणून होमरचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, ते ओबडधोबड झालं पण झालं.

खरा वर्ग सुरू झाला तो सालुतातीमुळे. त्यानी कॉन्स्टँटिनोपलच्या मॅन्युएल क्रायसोलोरसला सरकारी पगारावर बोलावलं आणि १३९७ ते १४०० अशी तीनच वर्षं तो फ्लोरेन्समध्ये शिकवत होता. तीन वर्षं!

त्या वर्गात लिओनार्दो ब्रुनी नावाचा एक मुलगा होता, कायद्याचा अभ्यास करणारा. त्यानी नंतर लिहून ठेवलंय की माझ्या मनात मोठी ओढाताण झाली, कायदा सोडणं चूक वाटत होतं आणि ही संधी सोडणं तर पाप वाटत होतं. मग तो स्वतःलाच समजावतो की कायद्याचे मास्तर गल्लोगल्ली आहेत, ते केव्हाही शिकता येईल, पण ग्रीक शिकवणारा हा एकच आहे आणि सातशे वर्षांत इटलीत कोणाला ही विद्या आली नाही, हा गेला तर परत कोण मिळणार. त्यानी कायदा सोडला. दिवसा जे ऐकायचा ते रात्री झोपेतही घोकायचा. पुढे त्यानी अॅरिस्टॉटल आणि प्लेटोचं लॅटिन केलं, फ्लोरेन्सचा इतिहास लिहिला आणि तोच गावाचा चान्सलर झाला. घरच्यांनी सायन्स घे म्हटलंय आणि आपल्याला इतिहास घ्यायचाय अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हा ब्रुनी सांगतेच.

पोज्जो कोण? त्याचं नाव पुस्तकात एका ओळीत येतं.

एक ओळ फार कमी आहे. पोज्जो ब्राच्चोलिनी पोपचा सेक्रेटरी. कॉन्स्टन्सला १४१४ ते १४१८ मोठी धर्मपरिषद भरली, तिथे १४१५ ला त्याच्या पोपलाच पदावरून काढलं, म्हणजे याची नोकरी गेली. परक्या गावात, हातात वेळच वेळ. दुसरा कोणी घरी परतला असता. हा दोन मित्र घेऊन आसपासच्या मठांत जुनी पुस्तकं शोधायला निघाला.

१४१६ ला सेंट गॅलच्या मठात ते पोचले. ग्रंथ एका बुरुजाच्या तळाशी अंधाऱ्या, कुबट खोलीत पडलेले, पोज्जो लिहितो की अशा ठिकाणी फाशीच्या कैद्यालाही कोणी ठेवणार नाही. त्या ढिगात क्विंटिलियन सापडला, अख्खा, बुरशी आणि धुळीनी माखलेला पण सहीसलामत. मुलांना कसं शिकवावं, वक्ता कसा घडवावा यावरचा पहिल्या शतकातला ग्रंथ, तोवर इटलीत तुटक तुटक प्रतीच होत्या. तो बरोबर न्यायला मिळणार नव्हता म्हणून पोज्जोनी तिथे बसून तो उतरवून काढला. आमच्या आजोळी माळ्यावर पोथ्यांचा एक बस्ता होता, वरच्या पानांना कसर लागलेली, आत मात्र शाई कालच वाळल्यासारखी काळीभोर, तो सोडताना नाकात गेलेली धूळ मला हे वाचताना दरवेळी आठवते.

पुढच्याच वर्षी, १४१७ ला, त्याला ल्युक्रेशियस या रोमन कवीचं काव्य सापडलं, ज्यात सगळं जग अणूंचं बनलंय असं सांगितलंय. त्यानी त्याची प्रत फ्लोरेन्सला आपला मित्र निक्कोली याला पाठवली. निक्कोलीनी ती ठेवून घेतली. पोज्जो पत्रावर पत्र पाठवतोय, बाबा माझा ल्युक्रेशियस परत कर, आणि दहा वर्षांच्या वर तो परत मिळालाच नाही.

म्हणजे मेडिचींनी पैसा ओतला म्हणून झालं असं नाही?

मेडिची या फ्लोरेन्सच्या घराण्याची बँक सुरू झाली १३९७ ला, त्यांच्यातला कोझिमो गावाचा खरा कारभारी झाला १४३४ ला, हद्दपारीतून परत आल्यावर. बाप्तिस्मागृहाच्या दरवाजाची स्पर्धा १४०१ ची, ती कापड व्यापाऱ्यांच्या कालिमाला संघाची. अनाथ मुलांसाठीचं इन्नोचेन्ती आश्रयगृह, ज्याच्या कमानी सगळ्या पुस्तकांत असतात, ते १४१९ चं, रेशीम संघाचं. तर सुरुवात मेडिचींनी केली नाही.

पण कोझिमोनी जे केलं त्याची किंमत मी कमी करत नाही. व्याज खाणं पाप, आणि बँकेचा तर धंदाच तो, पोपनी त्याला सान मार्को मठावर खर्च करायला सुचवलं. तिथे १४४४ ला ग्रंथालय उघडलं आणि त्यात निक्कोलीचे ग्रंथ ठेवले, कारण निक्कोली १४३७ ला वारला तेव्हा त्याच्याकडे साधारण आठशे ग्रंथ आणि भरपूर कर्ज होतं, आणि त्याची इच्छा एवढीच की पुस्तकं सगळ्यांना वाचायला मिळावीत. कर्जाचं कोझिमोनी बघितलं. नंतर फिएझोलेच्या मठासाठी ग्रंथ हवे होते तेव्हा वेस्पासियानो या पुस्तकविक्रेत्यानी ४५ लेखनिक बसवले आणि २२ महिन्यांत २०० ग्रंथ करून दिले, असं वेस्पासियानो स्वतःच सांगतो. जरा हिशोब करा, एवढी माणसं, जवळजवळ दोन वर्षं, आणि पुस्तकं फक्त २००. तेव्हा ग्रंथालय म्हणजे काय होतं ते यावरून कळतं.

चित्रकला आणि शिल्पकला कधी बदलली?

हळूहळू. १२६० लाच निकोला पिसानोनी पिसाच्या प्रवचनपीठावर रोमन शवपेट्यांवरच्या आकृत्यांसारखी माणसं कोरली होती, मग जॉत्तो. पण वेग आला १४०१ नंतर.

बाप्तिस्मागृहाच्या दरवाजाच्या त्या स्पर्धेत विषय एकच, अब्राहम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघालाय आणि देवदूत त्याला थांबवतो. शेवटच्या फेरीत सात जण. गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की, दोघंही पंचविशीच्या आतबाहेर. ब्रुनेलेस्कीच्या पट्टीत देवदूत अब्राहमचा हातच धरतो, बघताना अंगावर येतं. गिबेर्तीची शांत, सुबक, आणि त्याचं ओतकाम बरंचसं एकसंध असल्यानी ब्राँझ कमी लागलेलं, व्यापाऱ्यांच्या नजरेतून हे काही लहान नाही. गिबेर्ती जिंकला. दोन्ही पट्ट्या आज फ्लोरेन्सच्या बार्जेल्लो म्युझियममध्ये आहेत, टूरवाल्या काकांनी हे ठिकाण चुकवू नये, मला विचाराल तर उफिझीच्या रांगेआधी इथे जा.

हरल्यावर ब्रुनेलेस्की डोनातेल्लो या शिल्पकाराबरोबर रोमला गेला असं त्याचा चरित्रकार सांगतो. दोघं पडक्या इमारती मापत, पाया उकरत फिरायचे, लोकांना वाटायचं हे खजिना शोधतायत.

मग तो आरशाचा प्रयोग. ब्रुनेलेस्कीनी कॅथेड्रलच्या दारातून समोरचं बाप्तिस्मागृह जसं दिसतं तसं एका छोट्या फळीवर रंगवलं, आणि फळीला एक भोक पाडलं, रंगवलेल्या बाजूनी मसुराच्या दाण्याएवढं आणि मागच्या बाजूनी नाण्याएवढं रुंद. बघणाऱ्यानी फळीच्या मागून डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात आरसा समोर धरायचा, आरशात चित्र दिसणार. आकाशाच्या जागी त्यानी रंग दिलाच नव्हता, चकचकीत घासलेली चांदी लावली होती, त्यामुळे खरे ढग वाऱ्यानी सरकताना त्यात दिसायचे. चरित्रकार म्हणतो, मी ते हातात धरून पाहिलंय, खरंच समोर बघतोय असं वाटायचं. सपाट फळीवर खोली दाखवायची तर रेषा एका बिंदूकडे नेल्या पाहिजेत ही गोष्ट तिथे सिद्ध झाली. मसाच्चोनी साधारण १४२७ ला सांता मारिया नोव्हेल्लाच्या भिंतीवर ख्रिस्ती त्रिमूर्तीचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) चित्र काढलं ते बघताना भिंतीत खरंच कोनाडा खणलाय असं वाटतं, आणि १४३५ ला आल्बेर्तीनी हे सगळं पुस्तकात मांडलं.

घुमट तर सगळ्यांना माहीतच आहे. कॅथेड्रलचं काम १२९६ ला सुरू झालेलं आणि चाळीस मीटरहून रुंद भोक तसंच उघडं, एवढ्या उंचीवर लाकडी परांचीचा आधार उभा करणार कसा. ब्रुनेलेस्कीनी १४२० ते १४३६ मध्ये खालून आधार न देताच तो चढवला, आत एक बाहेर एक अशी दोन कवचं, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या अडकवत.

ह्युमॅनिस्ट म्हणजे देव न मानणारे का?

अजिबात नाही. तेव्हा उमानिस्ता म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीती हे विषय शिकवणारा. पेट्रार्क खिशात संत ऑगस्टीन घेऊन डोंगर चढला. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा पाया घालणारा पाचवा निकोलस हा पोप स्वतः यांच्यातला.

फरक पडला तो वाचण्याच्या पद्धतीत. सम्राट कॉन्स्टंटाइननी पश्चिमेचं राज्य पोपला लिहून दिलं असा एक दस्तऐवज होता, शतकानुशतकं दाखवला जाणारा. १४४० ला लोरेंझो वाल्लानी तो नीट वाचला आणि म्हणाला की यात सत्रप (इराणी सुभेदार) हा शब्द आलाय, चौथ्या शतकात रोममध्ये कोण कोणाला सत्रप म्हणत होतं? हे लॅटिनच त्या काळचं नाही, दस्तऐवज बनावट आहे. नुसत्या शब्दांवरून. नंतर तोच वाल्ला पोपच्या नोकरीत लागला.

छपाईमुळे रेनेसाँ झालं का?

पसरलं छपाईमुळे, झालं नाही. इटलीत पहिला छापखाना आला १४६५ ला, रोमजवळच्या सुबियाकोच्या मठात, दोन जर्मन कारागिरांचा, आणि त्यांनी अगदी सुरुवातीला जे छापलं त्यात पुन्हा सिसेरोच. १५०१ पासून व्हेनिसच्या अल्डस या प्रकाशकानी तिरप्या टायपात व्हर्जिलसारख्या रोमन कवींची छोटी, हातात मावणारी पुस्तकं काढली, पेट्रार्कच्या पायावर पडलेल्या ग्रंथाशेजारी ती ठेवून बघा.

यात बायका होत्या का?

होत्या, आणि त्यांना सोपं गेलं नाही. व्हेरोनाची इसोत्ता नोगारोला उत्तम लॅटिन लिहायची. तिनी गुआरिनो या नावाजलेल्या पंडिताला पत्र लिहिलं, त्यानी बरेच महिने उत्तरच दिलं नाही. तिनी दुसरं पत्र लिहिलं की सगळं गाव मला हसतंय, बायकासुद्धा चिडवतायत, तुम्ही का गप्प बसलात. तेव्हा त्यानी उत्तर दिलं. पुरुषांना अशी पत्रं चान्सलरच्या खुर्चीपर्यंत न्यायची, तिला घरातल्या अभ्यासिकेपर्यंतच जाता आलं.

आपला, म्हणजे भारताचा किंवा महाराष्ट्र-गोव्याचा यात काही संबंध?

ओढूनताणून संबंध जोडायचा नाही, पण जे आहेत ते खरे आहेत. पिसाच्या फिबोनाचीनी १२०२ ला हिशोबाचं पुस्तक लिहिलं ते भारतीयांचे नऊ आकडे सांगूनच सुरू होतं, त्याला ते उत्तर आफ्रिकेत अरबांकडून मिळाले. फ्लोरेन्सच्या त्या हिशोबाच्या शाळांत हीच आकडेमोड चालायची.

दुसरं गोवा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ ला इकडे आला आणि १५६३ ला गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. दोन माणसांच्या गप्पा अशी रचना, एक सारखा ग्रीकांचे दाखले देतो आणि ओर्ता म्हणतो मला गेलनची (प्राचीन ग्रीक वैद्य) भीती घालू नका, मी जे खरं आणि मला माहीत आहे तेच सांगणार. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, आणि ओर्ता ज्यू घराण्यातला म्हणून मेल्यानंतर १५८० ला त्याची हाडं उकरून जाळली. दोन्ही गोष्टी एकाच गावातल्या आहेत, शिकवताना मी एक सांगून दुसरी गाळत नाही.

तिसरं, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडीचं जुनं हस्तलिखित आहे, एल्फिन्स्टननी दिलेलं.

परीक्षेत १४५३ लिहू की नको?

लिहा, पण एक कारण म्हणून, आणि त्याच्या आधी पेट्रार्क १३४५ आणि क्रायसोलोरस १३९७ या दोन ओळी घाला. ऑब्जेक्टिव्हमध्ये पर्यायच तसे असतील तर अन्सर-कीला जे हवंय त्यावर टिक करा आणि पुढे जा.

पोज्जोला त्याचा ल्युक्रेशियस शेवटी मिळाला का?

हा प्रश्न वर वाचून झाल्यावर हमखास येतो. मठातली मूळ पोथी कुठे गेली पत्ता नाही. पोज्जोनी तिथून करवून घेतलेली प्रत, जिच्यासाठी तो इतकी वर्षं पत्रं लिहीत होता, तीही हरवली. पण ती स्वतःकडे होती तेव्हा निक्कोलीनी त्या गोल मोकळ्या अक्षरात पूर्ण काव्य उतरवून घेतलं होतं. ती नक्कल फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आजही आहे.